पालक, मालक आणि विश्वास

घरात बाळाचे आगमन झाले की बारसे होते, पुढे उष्टावण होते आणि पाहता पाहता पहिला वाढदिवस येतो. आलेली मंडळी बाळाच्या इवल्याशा मुठीत एखादी नोट ठेवतात. बाळाला त्या नोटेचे महत्त्व नसते. ती चुरगाळावी की तोंडात घालावी, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न असतो. मग आई हलकेच ती नोट सोडवून घेते आणि कपाटात ठेवते. काही घरांत ती रक्कम बाळाच्या नावे बँकेत जमा होते, तर काही घरांत त्याच आठवड्यात वाणसामानाच्या यादीत विरून जाते. दहा-बारा वर्षांनी तेच मूल विचारते, "माझे बारशाचे पैसे कुठे आहेत?" सारे हसतात. "तुझ्याच दुधात गेले," असे उत्तर मिळते आणि विषय तेथेच थांबतो.

उत्तर खोटे असतेच असे नाही. परंतु मुलाने विचारलेला प्रश्न वाटतो तितका बालिशही नाही. मुलाच्या नावाने आलेले धन कोणाचे? ते खर्च करण्याचा अधिकार आईवडिलांना असतो काय? असल्यास तो कशासाठी आणि कुठवर? आणि त्या अधिकाराचा हिशेब कोणी, कोणाला द्यायचा? कुटुंबातील न्याय, पालकांची जबाबदारी आणि समाजातील परस्परविश्वास हे तीन मोठे विषय या एका लहानशा प्रश्नात एकत्र आले आहेत. बँकेच्या खिडकीशी तर हा प्रश्न दररोज उभा राहतो. फक्त तेथे तो खाते उघडण्याच्या अर्जाचे रूप घेऊन येतो.

वडीलधाऱ्यांचे जुने कर्तव्य

अज्ञान बालकाच्या धनाची काळजी ही काही आधुनिक कायद्याने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याविषयी एक मार्मिक दंडक आहे. बालक व्यवहार करण्यास पात्र होईपर्यंत त्याचे द्रव्य गावातील वृद्धांनी वाढवावे, असे तेथे सांगितले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, धन नुसते सांभाळण्यास नव्हे तर वाढविण्यास सांगितले आहे. दुसरी अशी की, हे काम नातलगांवर न सोपविता गावातील वृद्धांकडे, म्हणजे सर्वांच्या दृष्टीसमोर असलेल्या माणसांकडे दिले आहे. ज्याला स्वतः हिशेब विचारता येत नाही, त्याच्या वतीने समाजाने लक्ष ठेवावे, हा त्यामागील विचार होय. मनुस्मृतीतही बालकाला वारशाने मिळालेल्या संपत्तीचे रक्षण राजाने करावे, असे म्हटले आहे.

आजच्या कायद्याची भाषा निराळी असली तरी गाभा तोच आहे. भारतात वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अज्ञान मानली जाते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने पालक आणि पाल्य यांचे नाते विश्वासाश्रित नाते मानले आहे. पाल्याच्या मालमत्तेतून पालकाने स्वतःचा लाभ करून घेऊ नये, आणि सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी पालकाने पाल्याच्या मालमत्तेची घ्यावी, ही त्या कायद्याची अपेक्षा आहे. हिंदू, बौद्ध, जैन व शीख समाजांसाठी १९५६ साली हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम झाला. त्यातील तेराव्या कलमानुसार पालक नेमताना न्यायालयाने अज्ञान व्यक्तीचे कल्याण सर्वोपरी मानावयाचे असते. आठव्या कलमाने नैसर्गिक पालकाचे अधिकार सांगितले आहेत, तसेच त्यांच्या मर्यादाही आखून दिल्या आहेत.

जमिनीला कुंपण, पैशाला काय?

ही मर्यादा कशी आहे ते पाहिले पाहिजे. अज्ञान मुलाच्या नावे स्वतंत्रपणे असलेली जमीन किंवा घर न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून आईवडिलांनाही विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही किंवा कोणाला बक्षीस देता येत नाही. पाच वर्षांहून अधिक काळासाठी, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या पलीकडे जाईल अशा मुदतीसाठी, ती भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. परवानगी देताना न्यायालय दोनच गोष्टी पाहते: खरोखरीची गरज आहे काय, किंवा मुलाचा उघड फायदा आहे काय. परवानगी न घेता व्यवहार केला, तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार झुगारून देऊ शकते. त्यासाठी दावा लावायचा झाल्यास मुदत साधारणतः सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची असते. असा व्यवहार दावा न लावता, आपल्या स्पष्ट कृतीनेही नाकारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ सालच्या एका निकालात म्हटले आहे.

म्हणजे जमिनीभोवती कायद्याने भक्कम कुंपण घातले आहे. बँकेतील पैशाभोवती मात्र तसे कुंपण नाही. मुलाच्या नावावरील बचत खात्यातून पैसे काढण्यासाठी पालकाला न्यायालयात जावे लागत नाही. पालकाने जे करावयाचे ते मुलाच्या हितासाठी आवश्यक, वाजवी आणि योग्य असावे, एवढे सर्वसाधारण बंधन कायद्याने घातले आहे. पैसे काढण्याच्या पावतीवर सही करणाऱ्या पालकाच्या मनात काय आहे, हे खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्याला दिसत नाही. ते दिसावे अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. पाचशे रुपये शाळेच्या दप्तरासाठी निघाले की अन्य कशासाठी, हे फक्त पालकालाच ठाऊक असते.

म्हणून मुलांचे खाते हे बँकेतील सर्वांत विश्वासावर चालणारे खाते म्हटले पाहिजे. खात्याचा मालक सही करू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, अनेकदा खाते आहे हेदेखील त्याला ठाऊक नसते. सारा व्यवहार दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर उभा असतो.

सही कोणाची?

परंतु विश्वास ठेवायचा तर कोणावर? आपल्या व्यवस्थेने याचे उत्तर दीर्घकाळ एकाच शब्दात दिले: वडिलांवर. १९५६ च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून पिता आणि त्याच्यानंतर माता, असा क्रम आहे. पाच वर्षांखालील बालकाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे तेच कलम म्हणते. म्हणजे बाळाला सांभाळणारी आई आणि बाळाच्या वतीने सही करणारा पिता, अशी ही विभागणी झाली.

प्रत्यक्ष जीवन या विभागणीत बसणारे नव्हते. त्याची साक्ष विदर्भातील शेतजमिनीच्या एका प्रकरणाने दिली. अज्ञान मुलीच्या नावे जमीन होती. आईवडील वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त राहत होते. वडील हयात होते, पण मुलीच्या कारभारात त्यांचे लक्ष नव्हते. जमिनीची व्यवस्था आई पाहत असे आणि मुलीच्या वतीने तिनेच ती कुळाला पट्ट्याने दिली होती. वडील जिवंत असताना आईला हा अधिकार होता काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९७० साली न्यायालयाने निर्णय दिला की, या विशेष परिस्थितीत आईलाच नैसर्गिक पालक मानले पाहिजे. वडील केवळ हयात असणे आणि त्यांनी वडील म्हणून उभे असणे, यातील अंतर न्यायालयाने ओळखले.

बँकांच्या खिडकीवरही हाच प्रश्न येत होता. आई मुलाच्या नावे पैसे ठेवण्यास येई आणि नियमावर बोट ठेवून तिला परत पाठविण्याची वेळ कर्मचाऱ्यावर येई. भारतीय बँक संघाने हा प्रश्न रिझर्व्ह बँकेपुढे मांडला. तेव्हा २९ डिसेंबर १९७६ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना सूचना दिली की, आईला पालक धरून अज्ञान मुलांची बचत व मुदत ठेव खाती उघडू द्यावीत. मात्र अशा खात्यात कधीही जादा रक्कम काढू दिली जाऊ नये आणि शिल्लक सदैव जमेचीच राहावी, अशी दक्षता घेण्यास सांगण्यात आले. त्यामागील तर्क व्यवहारी होता. आई पैसे ठेवते आहे, कर्ज काढत नाही. मग मुलाचे अहित कोठे होते?

ठेवींची वाट अशी मोकळी झाली, तरी कायद्यातील शब्द जेथल्या तेथे होता. इंग्रजीत कादंबरीलेखन करणाऱ्या गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे २०,००० रुपयांचे ९ टक्के व्याजाचे रिलीफ बाँड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा हा शब्द पुन्हा आडवा आला. मुलाच्या या गुंतवणुकीपुरती आईने पालक म्हणून काम पाहावे, असे दोघांनी एकमताने ठरविले होते आणि तसे स्पष्ट लिहूनही दिले होते. तरीही अर्ज परत आला. एक तर त्यावर वडिलांची सही हवी, नाही तर आई हीच पालक असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे, असे कळविण्यात आले. वडील समोर आहेत, संमती देत आहेत, आईवर विश्वास असल्याचे सांगत आहेत; तरी आईची सही पुरेशी नाही! १९९५ साली हे दांपत्य सर्वोच्च न्यायालयात गेले. स्त्री-पुरुष समानतेची हमी देणाऱ्या राज्यघटनेशी हे कलम विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाच्या ताब्याच्या वादातून आलेली आणखी एका मातेची याचिकाही त्यासोबत सुनावणीस आली.

१७ फेब्रुवारी १९९९ रोजी सरन्यायाधीश ए. एस. आनंद, न्यायमूर्ती एम. श्रीनिवासन आणि न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांच्या पीठाने निकाल दिला. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. त्यातील 'नंतर' या एका शब्दाचा अर्थ नव्याने लावला. 'पित्यानंतर माता' याचा अर्थ 'पित्याच्या मृत्यूनंतर' असाच घ्यावा लागतो असे नाही. 'पित्याच्या अनुपस्थितीत' असाही घेता येतो. आणि अनुपस्थिती म्हणजे केवळ दूर असणे नव्हे. पिता मुलाच्या बाबतीत पूर्णतः उदासीन असेल, परस्पर समजुतीने मुलाची जबाबदारी आईकडे दिलेली असेल, किंवा आजारपणामुळे वा दूर राहत असल्यामुळे पित्याला लक्ष घालणे अशक्य असेल, तर त्या कामापुरता तो अनुपस्थितच होय. रिझर्व्ह बँकेने व तत्सम संस्थांनी यानुसार आपली कार्यपद्धती आखावी, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालाने सारे प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. क्रमातील पहिले नाव आजही पित्याचेच आहे. माता आणि पिता यांना एकाच वेळी, समान दर्जाचे नैसर्गिक पालक मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ सालच्या २५७ व्या अहवालात केली. मात्र निकालाने विचाराची दिशा बदलली, हे निर्विवाद. 'घराचा प्रमुख कोण' या प्रश्नाऐवजी 'मुलाची काळजी प्रत्यक्षात कोण घेते' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. विश्वास पदाला न देता कर्तव्य करणाऱ्याला द्यावा, हा त्याचा अर्थ.

नाव कोणाचे लावावे?

पुढील पाऊल २०१५ साली पडले. एका अविवाहित मातेला आपल्या बचतीसाठी व विम्यासाठी मुलाचे नामनिर्देशन करायचे होते. स्वतःच्या कष्टाची मिळकत, स्वतःच्या पोटचे मूल. तरीही एक तर मुलाच्या पित्याचे नाव जाहीर करा, नाही तर पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा, असे तिला सांगण्यात आले. प्रमाणपत्रासाठी न्यायालयात गेल्यावर पित्याला नोटीस पाठविण्याचा आग्रह झाला. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मुलाशी कोणताही संबंध न ठेवलेल्या पित्याला अशी नोटीस देण्याची आवश्यकता नाही. अशी माता जन्मदाखल्यासाठी अर्ज करील, तेव्हा तिचे प्रतिज्ञापत्र घेऊन तो दिला जावा, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

त्यानंतरच्या काळात अनेक नियम याच दिशेने वळले. डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले. केवळ आईने वाढविलेल्या व्यक्तीला पॅनसाठी वडिलांचे नाव देण्याची सक्ती डिसेंबर २०१८ पासून राहिली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे नाव, त्यानंतर वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. कागदावरील एक शब्द पुढे-मागे झाला, असे कोणी म्हणेल. ज्या आईला अर्जातील रिकाम्या रकान्यापुढे थांबावे लागले आहे, तिला त्या शब्दाचे मोल विचारावे.

मुलगा आणि मुलगी

पालकत्वातील न्यायाची खरी कसोटी एका मुलाच्या बाबतीत लागत नाही. ती दोन मुलांच्या बाबतीत लागते. अनेक घरांत मुलाच्या नावे मुदत ठेव होते आणि मुलीच्या नावे दागिने. वरवर पाहता दोन्ही समान. पण ठेव मुलाच्या हाती येते आणि शिक्षणाला वा व्यवसायाला उपयोगी पडते. दागिने बहुधा लग्नाच्या दिवशी मुलीच्या अंगावर येतात आणि त्यानंतर कोणाच्या कपाटात राहतील, हे तिला ठरविता येतेच असे नाही. आईवडिलांच्या प्रेमात उणीव नसते. उणीव असते ती धन कोणाच्या हाती द्यायचे, या विचारात.

कायद्याने येथेही वाट करून दिली आहे. अविवाहित मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ साली केली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायद्याने सर्व मुलींना हा हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट केले.

बचतीच्या क्षेत्रात जानेवारी २०१५ मध्ये सुकन्या समृद्धी योजना आली. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे पालकाने हे खाते उघडायचे आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की खात्याचा कारभार तिने स्वतः पाहायचा. या योजनेच्या संदर्भात एक बोधप्रद घटना घडली. अनेक आजी-आजोबांनी हौसेने नातींच्या नावे खाती उघडली होती. ते कायदेशीर पालक नसतील, तर अशा खात्यांचे पालकत्व आईवडिलांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे वर्ग करावे, असा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. आजोबांच्या मायेवर कोणी शंका घेतली नाही. पैसे त्यांनी जरूर द्यावेत; मात्र नातीच्या वतीने उत्तरदायी कोण, हे निश्चित असावे, एवढाच त्याचा हेतू. प्रेम अनेकांचे असू शकते, जबाबदारी मात्र कोणा एकाच्या नावावर लिहावी लागते.

अडचणीच्या दिवसातील परीक्षा

सुखाच्या दिवसांत विश्वस्त होणे कठीण नसते. समजा, एका छोट्या दुकानदाराने मुलीच्या नावे दर महिन्याला थोडी थोडी रक्कम टाकून ठेव उभी केली आहे. सणासुदीच्या तोंडावर माल भरायला भांडवल कमी पडते. सावकाराचे व्याज परवडत नाही. मुलीची ठेव डोळ्यांसमोर येते. "दोन महिन्यांत परत टाकू" असे मनाशी ठरवून ती मोडली जाते. दोन महिन्यांची दोन वर्षे होतात. हेतू वाईट नव्हता. दुकान चालले तर घर चालणार आणि घर चालले तर मुलगी शिकणार, हा युक्तिवादही खोटा नाही. तरीही महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या दिवशी मुलीला जे समजते, त्याचे उत्तर युक्तिवादात सापडत नाही. रकमेपेक्षा न सांगितल्याचे दुःख अधिक असते.

अज्ञान मुलाच्या ठेवीवर कर्ज मागण्यास आलेल्या पालकाला बँक लेखी विचारते, हे कर्ज मुलाच्या हितासाठी आहे काय? त्याप्रमाणे ती घोषणापत्र घेते. काही ग्राहकांना याचा राग येतो. "पैसे माझे, मूल माझे, मग विचारणारे तुम्ही कोण?" असा प्रश्न केला जातो. परंतु त्या क्षणी बँकेचा ग्राहक खिडकीसमोर उभा नसतो. तो शाळेत बाकावर बसलेला असतो. त्याच्या वतीने हा एक प्रश्न विचारणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. कौटिल्याने गावातील वृद्धांवर सोपविलेले काम आज अशा लहानशा घोषणापत्राकडे आले आहे. कर्मचाऱ्यांनीही तो प्रश्न संशयाच्या सुरात न विचारता, मुलाच्या वतीने विचारला जात आहे याची जाणीव ठेवून विचारावा.

नामनिर्देशनाबाबत असाच गैरसमज आढळतो. ठेवीदाराच्या पश्चात बँक नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम देते. परंतु त्यामुळे ती व्यक्ती त्या रकमेची मालक होत नाही. ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बँक ठेवींच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. मोठ्या मुलाचे नाव लावले म्हणजे धाकट्यांचा हक्क संपला, असे होत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्साही नमूद करता येतो. अज्ञान मुलाचे नाव लावल्यास, तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने रक्कम कोणी स्वीकारावी, त्या व्यक्तीचेही नाव देता येते. आपल्या पश्चात मुलांमध्ये अविश्वास निर्माण होऊ नये असे वाटणाऱ्या पालकांनी हा अर्ज शांतपणे, घरात बोलून भरावा.

पालकांसाठी काही पथ्ये

कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे काही साध्या सवयी उपयोगी पडतात.

१. मुलाला भेट म्हणून आलेली रक्कम, कितीही लहान असो, त्याच्याच खात्यात जमा करावी. शक्य असेल तेव्हा मुलाला सोबत न्यावे आणि पासबुकातील नोंद त्याला वाचू द्यावी.

२. त्या खात्यातून पैसे काढल्यास कारण व तारीख एका वहीत लिहून ठेवावी. अडचणीत रक्कम वापरावी लागली, तर ती उसनी समजून बँकेच्या व्याजदराने परत भरावी.

३. खाते उघडताना आई व वडील यांपैकी मुलाचा कारभार प्रत्यक्षात कोण पाहणार, याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे पालकाचे नाव द्यावे.

४. दोन मुलांसाठी तरतूद करताना केवळ रक्कम समान आहे की नाही हे पाहू नये. ती दोघांच्याही हाती, सारख्याच स्वातंत्र्याने पडणार आहे काय, तेही पाहावे. एखादे मूल आजारी किंवा अपंग असेल आणि त्याच्यासाठी अधिक तरतूद करावी लागत असेल, तर त्याचे कारण इतर भावंडांना समजावून सांगावे. कारण समजले म्हणजे कमी मिळाल्याची खंत सहसा राहत नाही.

५. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकाचा सहीचा अधिकार संपतो. बँकेत जाऊन मुलाची नमुना सही, छायाचित्र व आवश्यक कागदपत्रे देऊन खाते त्याच्या स्वाधीन करावे. हे काम पुढे ढकलू नये.

विश्वास शिकवावा लागतो

ज्याच्यावर कोणी विश्वास टाकला नाही, त्याला विश्वासाने वागणे शिकविणे कठीण असते. ६ मे २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते उघडू व चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. एप्रिल २०२५ मध्ये याविषयीच्या सूचना नव्याने एकत्रित करण्यात आल्या. कोणत्याही वयाच्या मुलाचे खाते नैसर्गिक वा कायदेशीर पालकामार्फत उघडता येते, त्यात आईलाही पालक होता येते. आणि दहा वर्षांवरील मुलाला बँकेने ठरविलेल्या मर्यादेत खाते स्वतः चालविता येते. ज्या व्यवस्थेने एके काळी आईच्या सहीवर प्रश्नचिन्ह लावले, तीच आता दहा वर्षांच्या मुलीची सही स्वीकारते. हे अंतर लहान नाही.

समाजातील विश्वासाविषयी आपण नेहमी मोठ्या शब्दांत बोलतो. भ्रष्टाचार, फसवणूक, बुडालेल्या ठेवी यांवर चर्चा करतो आणि माणसांची नीतिमत्ता ढासळली, असा निष्कर्ष काढतो. गांधीजींनी विश्वस्तवृत्तीची कल्पना मांडली, ती धनवंतांना उद्देशून. परंतु विश्वस्त होण्याची संधी सामान्य माणसालाही मिळते आणि ती त्याच्या स्वतःच्या घरात मिळते. जो आपल्याला जाब विचारू शकत नाही, त्याच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणारा माणूस संस्थेचा, सोसायटीचा वा कार्यालयाचा पैसाही त्याच हाताने सांभाळतो. घरात हे पाहत वाढलेले मूल पुढे बँकेत कर्मचारी होते, पतपेढीचे संचालक होते किंवा कोणाचे तरी पालक होते. त्याच्या वागण्याचा पाया त्या जुन्या वहीतील नोंदींत असतो.

अठराव्या वाढदिवशी मुलाला काय द्यावे, असा प्रश्न अनेक घरांत पडतो. कोणी मोबाइल देतात, कोणी दुचाकी देतात. त्या दिवशी त्याच्या हाती त्याचे पासबुक आणि ती हिशेबाची वहीही द्यावी. त्यात बारशाची एकावन्न रुपयांची नोंद असेल. दहावीच्या वर्षी आजीच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेली आणि पुढील दिवाळीपर्यंत परत भरलेली रक्कमही असेल. मुलगा पाने चाळील, एखाद्या नोंदीपाशी थांबेल, कदाचित हसेलही. आपल्याला बोलताही येत नव्हते तेव्हापासून कोणीतरी आपला हिशेब ठेवीत होते, हे त्याला त्या पानांतून कळेल.